सुमंतचं हेलिकॉप्टर

आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींत माणसाची किंमत पॉटलकच्या, म्हणजे जेवणाला कुणी काय आणायचं त्याच्या, वाटणीत कळते. ज्याला मान आहे त्याच्याकडे श्रीखंड नाहीतर मसालेभात जातो, नव्याने आलेल्या आयटीवाल्या पोरांकडे कोशिंबीर जाते, आणि ज्याच्याकडून कुणाची कसलीच अपेक्षा नसते त्याच्याकडे प्लेट्स आणि बर्फ. सुमंत वेलणकर मी त्याला ओळखते तेव्हापासून प्लेट्स आणि बर्फ आणत होता. त्याची बायको रेखा सुगरण, पण तिचे बटाटेवडे तिच्या नावावर लागायचे. सुमंतच्या नावावर बर्फ. आणायचा तोही दोन पिशव्या जास्तच, आणि उन्हात तो वितळायला लागला की स्वतःचाच गुन्हा असल्यासारखा कूलर इकडून तिकडे सरकवत बसायचा.

मी सुचित्रा, त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहते. मूळची नागपूरची, धंद्याने पॅथॉलॉजिस्ट, आता रिटायर. माझे पेशंट बहुतेक काचेच्या पट्टीवर नाहीतर टेबलावर असायचे, त्यामुळे गोड बोलायची सवय मला कधी लागली नाही. सुमंतबद्दल सांगताना ती आता लागेल असंही नाही.

तर सुमंत. साताऱ्याचा. औषधाच्या कंपनीत गोळ्यांची तपासणी करण्यात जन्म गेला. उंची बेताची, आवाज बेताचा. त्याने एखादी गोष्ट सांगायला सुरुवात केली की तिसऱ्या वाक्याला दुसरा कुणीतरी ती हातात घ्यायचा आणि स्वतःची सांगून मोकळा व्हायचा. सुमंत मान हलवत ऐकायचा. पन्नाशीत त्याची शुगर वाढली, डॉक्टरने व्यायाम सांगितला आणि त्याने सायकल घेतली. आधी कालव्याकाठच्या पायवाटेने, मग डोंगरात, मग तंबू बांधून चार-चार दिवस. सायकलवर असताना त्याची गोष्ट मधेच कुणी तोडत नसे, म्हणून असेल, पण माणूस बदलत चालला होता. रिटायर झाल्यावर त्याने एकट्याने अलास्का गाठलं, कोडिअॅक नावाच्या बेटावर. तिथे जगातली सगळ्यात मोठी अस्वलं असतात, असं तो जाण्याआधी सगळ्यांना सांगत होता.

तिथे जे झालं ते असं. संध्याकाळी धुकं उतरलेलं, तंबूच्या बाहेर काहीतरी मोठं, तपकिरी, फुरफुरणारं उभं. सुमंत मागच्या बाजूने पळाला, खड्ड्यात पडला, पाय लचकला. सॅटेलाइटचं एक छोटं यंत्र त्याच्याजवळ होतं, त्यातून निरोप जातात आणि नकाशावर आपण कुठे आहोत ते घरच्यांना ठिपक्याने दिसतं. त्यावरचं मदतीचं बटण त्याने दाबलं. कोस्ट गार्डचा तळ जवळच होता, हेलिकॉप्टर आलं, त्याचा प्रकाशझोत पडला आणि त्या प्रकाशात एक गाय शांतपणे रवंथ करत उभी होती. त्या बेटावर गुरांचे मोठे रँच आहेत, हे ह्याने वाचलं नव्हतं.

हे कुणाला कळलंही नसतं. पण कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात घेऊन सुमंतने स्वतःच सांगितलं, हसत हसत. त्याला वाटलं, आपली गोष्ट लोक पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकताहेत. ऐकत होतेच. अशी गोष्ट कोण मधे तोडेल?

आता फिशपाँडचं सांगते. कॉलेजच्या गॅदरिंगमधला हा प्रकार आपले लोक पासपोर्टबरोबर इथे घेऊन आले. पिकनिकला एक खोका ठेवायचा, त्यात ज्याला जे टोचायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, खाली नाव नाही, आणि जेवणानंतर एकाने ते सगळ्यांसमोर वाचायचं. ज्याच्यावर असेल त्याने हसायचं. न हसेल तो चिडका. आमच्याकडे हे वाचन राजीव करतो. राजीव हृदयरोगतज्ज्ञ आहे, आवाज भरदार, टायमिंग उत्तम, आणि कुठे टाचणी लावली की माणूस उडतो ते त्याला बरोबर समजतं. त्या वर्षी त्याने वाचलं, "गाय चरे कुरणात, सुमंत बसे विमानात." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

एक वर्ष ठीक. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी तर त्याच्यावर पाच चिठ्ठ्या होत्या आणि पाचही हेलिकॉप्टरच्या. त्याचं नावच हेलिकॉप्टर पडलं. 'हेलिकॉप्टर आलं का रे? बर्फ कुठाय?' असं चालायचं. लहान पोरं त्याच्यामागे जाऊन हंबरायची आणि त्यांच्या आया त्यांना खोटं खोटं दटावायच्या. सुमंत हसायचा. हसता हसता हातातल्या कागदी प्लेटची कड सगळीकडून बारीक बारीक फाडत राहायचा. आपल्या लोकांची थट्टा म्हणजे मायेची, असं म्हणायची पद्धत आहे. असेल. मला त्यात माया कधी दिसली नाही, खुराड्यातल्या अधू कोंबडीला बाकीच्या टोचतात तेवढंच दिसलं.

एकदा तो माझ्या पायऱ्यांचा कठडा दुरुस्त करून देत होता. काम करता करता म्हणाला, की कोडिअॅकला तो त्या गाईच्या आधी नऊ दिवस फिरला होता, एकटा. समुद्राकाठी बसून त्याने देवमाशांच्या पाठी पाहिल्या होत्या. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मग स्क्रू पिळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा तरी ह्यांनी मला विचारलं पाहिजे सुचित्रा, काय काय पाहिलंस म्हणून."

एवढंच हवं होतं त्याला. त्यासाठी त्याने दुसरं बेट शोधलं. अलास्काच्या दक्षिण टोकाला प्रिन्स ऑफ वेल्स नावाचं बेट आहे. लाकूडतोडीसाठी केलेले खडीचे रस्ते, चार-दोन वस्त्या, बाकी जंगल, पाऊस आणि काळी अस्वलं. बोटीने हॉलिसच्या धक्क्यावर उतरायचं, सायकलने बेटाच्या उत्तर टोकाला, जिथे रस्ताच संपतो तिथे जायचं, आणि कुणाचीही मदत न घेता परत हॉलिसला यायचं. पासष्टीला आलेल्या माणसाने. मी त्याला म्हटलं, मदत न घेता कशाला, वाटेत कुणी गाडीत बसवलं तर बस. तो म्हणाला, मग काही उपयोग नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात राजीवने त्याच्या डेकवर सेंड-ऑफ दिला. रेखाने सगळ्यांसमोर नवऱ्याच्या हातावर दही घातलं, ते त्याने चाटलं, सगळं रीतसर. मग राजीव घरातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ घेऊन आला. सुमंतच्या यंत्रावरचं मदतीचं बटण त्याने सर्वांसमक्ष पट्टीचे तीन वेढे देऊन बंद केलं. म्हणाला, आता गाय येऊ दे नाहीतर म्हैस, हेलिकॉप्टर नाही. टाळ्या पडल्या. सुमंतने यंत्र हातात घेतलं, पट्टीवरून अंगठा फिरवला, आणि तोही हसला. ती पट्टी तो घरी जाऊन काढेल असं मला वाटलं होतं. त्याने काढली नाही.

रोज संध्याकाळी त्याचा निरोप रेखाला यायचा, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, दोन-तीन ओळी. मी त्यांच्याकडे चहाला गेले की ती वाचून दाखवायची. हॉलिस सोडल्यावर पाऊस जो लागला तो थांबलाच नाही. एका बाजूला इतकं दाट जंगल की आत दिवसा अंधार, झाडांच्या अंगावर दाढीसारखं लोंबणारं शेवाळ; आणि वळण घेतलं की अख्खा डोंगर बोडका, नुसती खुंटं, मैलच्या मैल. हे पाहून सुमंतने लिहिलं होतं, 'इथे ओरडलं तर आवाज परत येत नाही.' रस्त्याकडेला अस्वलं गवत खात असायची. तो लांब उभा राहून टाळ्या वाजवायचा, मोठ्याने पाढे म्हणायचा, ती कंटाळून आत निघून जायची. अडीचकीला सगळ्यात मोठं अस्वल गेलं, असं त्याने लिहिलं. ओढ्यात मासे इतके की पाणी कमी वाटावं. हात सुजले, तंबू आतून ओला, भाकरीच्या पिठाला बुरशी आली. मात्र एकाही निरोपात तक्रार नव्हती. मला तर तो आनंदात वाटला, आणि सुमंत आनंदात असलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

इकडे राजीवने ठिपक्याची लिंक रेखाकडून मागून घेतली होती. त्याच्या घरी टीव्हीवर नकाशा लावून लोक बसायचे. ठिपका जेवायला थांबला तरी ग्रुपवर गाईचं चित्र पडायचं. मग एका संध्याकाळी ठिपका बेटाच्या अगदी वरच्या टोकाला पोचला आणि निरोप आला, 'रस्ता संपला. पुढे पाणी. बसलोय.' रेखाने तो ग्रुपवर टाकला. त्यावर एकाने अंगठा टाकला आणि दुसऱ्याने विचारलं, गणपतीच्या मीटिंगचं काय ठरलं.

परतीच्या वाटेवर, शनिवारी दुपारी, मी आणि रेखा त्यांच्या डेकवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होतो. न्यू जर्सीच्या जुलैत ऊन कडक असतं, फक्त खारींवर नजर ठेवावी लागते. रेखाचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, त्यावर नकाशा. पहिली चादर भरली तेव्हा ठिपका जिथे होता, तिसरी भरली तरी तिथेच. रस्त्याची रेघ एकीकडे आणि ठिपका तिच्या जरासा खाली. रेखाने हात पुसून विचारलं, बरे आहात ना. उत्तर आलं, 'पाय मुरगळला. विश्रांती घेतो. ग्रुपवर सांगू नको.'

आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ठिपका हलला नाही. रेखाने विचारलं, मदत मागवू का. बराच वेळ काही नाही, आणि मग आलं, 'हेलिकॉप्टर नको. कोणालाही कळवायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ.'

रेखा एम.एस्सी. आहे. इथल्या शाळेत वीस वर्षं केमिस्ट्री शिकवली तिने. पण गळ्याची शपथ म्हटल्यावर ती खुर्चीत बसली ती उठेना. ती शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली तो मरतो, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं, आणि पुढे कितीही केमिस्ट्री शिकलं तरी ते जात नाही. मी तिला बोलले, वाटेल ते बोलले. म्हटलं, अगं, शपथ मोडली तर मरेल आणि पाळली तर काय जगणार आहे? ती रडलीही नाही. म्हणाली, ते शब्दाचे पक्के आहेत, सकाळी निघतील.

रविवारी सकाळी मी परत गेले. ठिपका तिथेच. आणि निरोप आलेला होता, पहाटेचा, 'पाय गार. कळ गेली. छान झोप येते. राजीवला सांगू नको.'

रेखाला त्यात दिलासा वाटला होता. कळ गेली, झोप येते, बरं वाटतंय त्यांना, असं ती म्हणाली. मी ते दोनदा वाचलं. भिजलेल्या, गारठलेल्या माणसाला छान झोप यायला लागते म्हणजे काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. अशी झोप लागलेली माणसं मी टेबलावर पाहिली आहेत.

मी तिला तसंच सांगितलं, ह्याच शब्दांत. तिचा चेहरा पांढरा पडला. तरी तिने फोनला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शपथ मला घातलीय. तुला नाही." एवढं बोलून ती डेकवर गेली आणि कालच्या पापड्या उलटायला लागली. फोन साखरेच्या डब्यापाशी उघडाच होता, नकाशासकट.

मी अलास्काच्या पोलिसांना फोन लावला. ठिपक्याचे आकडे वाचून दाखवले, वय सांगितलं, शुगर आहे म्हणून सांगितलं, झोपेचं सांगितलं. धुक्यामुळे हेलिकॉप्टरला लगेच निघता येईना. ते निघालं तेव्हा आमच्याकडे दुपार टळून गेली होती. रेखाने सगळ्या पापड्या डब्यात भरल्या, डबा पुसला, जागेवर ठेवला, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही की तू कुणाला फोन केलास.

उतारावर ओल्या खडीत चाक घसरलं होतं. तो बांधावरून खाली काटेरी झुडपांत पडला होता, वर सायकल आणि सामान. नडगीचं हाड मोडून बाहेर आलेलं. ह्याला तो मुरगळणं म्हणत होता. मदतीला आलेल्यांनी त्याला हेलिकॉप्टरमध्ये घातलं आणि जवळच्या गावी नेलं, तिथून विमानाने सिअॅटलला. त्याची मुलगी कादंबरी सिअॅटललाच असते, ती हॉस्पिटलात हजर होती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सर्जन तिला म्हणाला, संध्याकाळपर्यंत माणूसच गेला असता.

यंत्र त्याच्या मुठीत होतं. पट्टीचे तीनही वेढे जसेच्या तसे. एक टोकसुद्धा नखाने उचललेलं नव्हतं.

आठवड्याने कादंबरीचा मला फोन आला. इथेच वाढलेली मुलगी, मराठी समजते, उत्तरं इंग्रजीत देते. पायाचं, सर्जनचं सगळं तिने आधी सांगून टाकलं. मग म्हणाली, "मावशी, ही हर्ड द ट्रक्स. ही जस्ट लेट देम गो." तो पडला होता तिथून वरचा रस्ता हाकेच्या अंतरावर होता. शनिवारी त्यावरून दोन गाड्या गेल्या. सुमंत खाली झुडपात पडून त्या ऐकत राहिला आणि त्याने हाक मारली नाही. हे त्याने मुलीला अभिमानाने सांगितलं होतं.

रेखाही एव्हाना सिअॅटलला पोचली होती, तिने कादंबरीकडून फोन घेऊन त्याच्याकडे दिला. मला वाटलं, काही नाही तरी आवाज ऐकू येईल. तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मी दुपारपर्यंत वर चढलो असतो. दोन दिवसांत हॉलिसला पोचलो असतो. तू घालवलंस सगळं."

मागून रेखाचा आवाज आला, घाईघाईचा, लहान मुलीसारखा, "मी नाही हो मोडली. सुचित्राने परस्पर केलं." फोन बंद झाला. मला इतका संताप आला की मी तो भिंतीवर फेकायचा बाकी ठेवला. पाय गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले. आणि पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा फोन लावीन, त्याला आवडो न आवडो.

ते दोघं घरी आल्यावर दुसरंच सुरू झालं. शपथ घातली की ती घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं, नाहीतर ती तशीच लागलेली राहते. रेखाला धड कळत नव्हतं की तिने पाळली की मोडली. ती त्याच्यामागे लागली, एकदा सुटली म्हणा. त्याने म्हटलं नाही. असू दे तशीच, म्हणाला. तिने सोमवार धरले, मग गुरुवारही धरले. तो तिच्याकडून वाटी मागून घ्यायचा, औषध मागून घ्यायचा, पण तेवढा शब्द तोंडातून काढत नव्हता. कृत्रिम पायाने घरात फिरताना ठक ठक आवाज यायचा आणि तेवढ्यानेच ती दचकायची. मी समोर आले की तो आत निघून जायचा. मी एकदा दारातून विचारलं होतं, सुमंत, ते टोकाचं पाणी कसं होतं रे? त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि आमची मंडळी? मंडळी अतिशय चांगली वागली. तीन महिने घरोघरचे डबे. पोरांना बजावून ठेवलेलं, काकांच्या पायाकडे बघायचं नाही. हंबरणं बंद, गाईची चित्रं बंद, हेलिकॉप्टर हा शब्द बंद. लोक त्याच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, त्याचा पाय नव्हे तर कान गेल्यासारखं. तो दिसला की गप्पा थांबायच्या आणि राजीव धावत जाऊन खुर्ची पुढे करायचा. बेटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, त्याला त्रास नको म्हणून. दिवाळीच्या पॉटलकच्या मेसेजमध्ये त्याचं नावच नव्हतं. प्लेट्स आणि बर्फ एका नव्या मुलाला दिलेलं. तो मेसेज सुमंत बराच वेळ बघत बसला होता, असं रेखा म्हणाली. थट्टेत निदान तो त्यांच्यात होता. आता तो नुसता खुर्चीत होता.

पुढच्या उन्हाळ्यात पार्कात पिकनिक झाली. फिशपाँडचा खोका होता, पण सुमंतवर कुणी काही टाकायचं नाही असं आपसांत ठरलेलं. जेवणं झाली. राजीव उभा राहून वाचायला लागला. कुणाची नवीन टेस्ला, कुणाचं टक्कल, कुणाच्या बायकोचं ड्रायव्हिंग. सुमंत पहिल्या रांगेत, पॅन्टखाली तो पाय लांब करून बसलेला. लोक हसत होते आणि हसताना त्याच्याकडे बघून जरा आवरत होते.

राजीवने एक चिठ्ठी उघडली आणि थांबला. राजीव वाचताना कधी थांबत नाही. मग त्याने वाचलं, "घर रेखाचं, हाड सुमंतचं, हेलिकॉप्टर मात्र सुचित्राचं."

वर्षभर बंद असलेला शब्द भर पिकनिकमध्ये उघडा पडला होता. सगळ्यांनी सुमंतकडे पाहिलं. मीही त्याच्याकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं की शेवटचा शब्द राजीवच्या आधी त्याच्या ओठांवर आला होता. तो हसला. तोंड उघडून, मान मागे टाकून. मग जे हसू फुटलं ते काय सांगू. वर्षभराचं तुंबलेलं होतं ते. लोक माझ्याकडे बोट दाखवून हसत होते, पोरं हात गरागरा फिरवत माझ्याभोवती पळायला लागली. रेखा वडे वाढत होती. तिने पदराने तोंड झाकलं, पण तिचे खांदे हलत होते.

ज्याच्यावर असेल त्याने हसायचं असतं. मीही हसले. माझ्या हातात कागदी प्लेट होती.

हसू ओसरल्यावर राजीव खोका ठेवून सुमंतच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली, पहिल्यासारखी. आणि म्हणाला, "बरं, काय काय पाहिलंस रे तिकडे?"

आणि सुमंत सांगायला लागला. पाऊस सांगितला, बोडके डोंगर सांगितले, अडीचकीला गेलेलं अस्वल सांगितलं. लोक खुर्च्या ओढून जवळ आले. तिसऱ्या वाक्याला कुणी मधे बोललं नाही, दहाव्याला नाही. रस्ता संपतो तिथे तो कसा बसला होता, समोर करडं पाणी, त्यात एक सील डोकं वर काढून त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याला वाटलं होतं की आता ह्यापुढे आपल्याला काही नको. फार सुंदर सांगितलं त्याने. मी लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकलं, कारण जवळ जाऊन ऐकण्याची सोय मला राहिली नव्हती. बोलता बोलता तो मधेच थांबला, वडे घेऊन उभ्या असलेल्या रेखाकडे वळला आणि सहज, मीठ मागावं तसं म्हणाला, "सुटली गं." तिच्या हातातलं ताट कलंडलं, वडे गवतात गेले, आणि सगळे पुन्हा हसले.

ह्या माणसाला मी वाचवलं. हे मी कुणाला म्हणून दाखवणार? तो जिवंत आहे, खूश आहे, मंडळींत त्याला मान आहे, आणि हे सगळं माझ्या जिवावर झालं, ह्याचा मला राग आहे. अजून आहे. हेलिकॉप्टरकाकू म्हणतात मला आता. नवीन आलेल्या पोरींना वाटतं, मी सगळ्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत चौकशा करते म्हणून म्हणतात.

गणपतीच्या पॉटलकसाठी राजीवचा फोन आला. श्रीखंड सुमंतकडे गेलं होतं. माझ्या मसालेभाताचं काय, असं मी विचारायच्या आत तो म्हणाला, "सुचित्राताई, ह्या वेळी प्लेट्स आणि बर्फ तुमच्याकडे." मी बरं म्हटलं. त्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन बर्फ घेतला, दोन पिशव्या जास्तच घेतल्या, आणि ऊन वर आलं तसा कूलर सावलीत सरकवला.